चोपन्नची नळी काढून पंचेचाळीसची बसवली : ठासणीच्या बंदुकीची नोंद



मागच्या नोंदीत सफरचंदाच्या छाटणीचे फोटो टाकले होते. त्यातल्या एका फोटोत शेडच्या भिंतीला टेकवलेली बंदूक दिसली आणि छाटणी राहिली बाजूला, निम्म्या लोकांनी बंदुकीचंच विचारलं. कोकणातल्या दोघातिघांनी तर लगेच ओळखलं, "ही तर ठासणीची!" हो, ठासणीचीच. म्हणून आज फळझाडांना सुट्टी, आणि या बंदुकीची नळी का बदलली, कशी बदलली, त्यात काय काय बदलावं लागलं, ते सगळं लिहितो. पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

नवीन मंडळींसाठी एवढंच सांगतो की मी मूळचा सिंधुदुर्गातला, आणि गेली बरीच वर्षं अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात सफरचंदाची बाग करतो. तुमच्याकडे रानडुक्कर आणि वानर, तर आमच्याकडे पांढऱ्या शेपटीचं हरीण. हिवाळ्यात बर्फ पडलं की त्याला खायला दुसरं काही राहत नाही, मग ते लहान झाडांचे शेंडे आणि कळ्या खातं. एम-९ खुंटावरच्या दोन वर्षांच्या झाडाचा शेंडा गेला की ते झाड एक हंगाम मागे पडलं म्हणून समजा. ओळखायचं कसं? हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यामुळे फांदी तोडल्यावर टोक फाटल्यासारखं, धाग्याधाग्यांचं दिसतं. सशानं खाल्लेली फांदी मात्र चाकूनं तिरकी छाटल्यासारखी असते. शरद ऋतूत नर हरीण खोडावर शिंगं घासून सालही काढतो, तो वेगळाच ताप.

खरा उपाय कुंपण, हे आधीच सांगतो. आठ फूट उंचीची जाळी लावली की नव्वद टक्के डोकेदुखी संपते. पण सगळ्या बागेला जाळी लावण्याइतका पैसा माझ्याकडे नाही. नवीन लागवडीला जाळी आहे, जुन्या बागेला नाही. तिथं परवाना काढून, हंगामात, नियमानं जेवढी हरणं मारता येतात तेवढी मारतो, आणि मांस घरी खातो.

इथं नाताळानंतर एक खास हंगाम असतो. त्यात फक्त चकमकीची ठासणीची बंदूक चालते. म्हणजे घोड्यात गारगोटीचा तुकडा, तो पोलादावर आपटला की ठिणगी, ठिणगीनं रंजक पेटतं, आणि कानातून आग आत जाऊन बार निघतो. १९७४ पासून हा हंगाम आहे. नियम असा की लांब बंदुकीच्या नळीचा व्यास किमान ०.४४ इंच हवा. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता मुद्द्यावर येतो. माझी बंदूक अर्ध्या दस्त्याची, हॉकेन पद्धतीची. सेंट लुईसच्या हॉकेन बंधूंनी एकोणिसाव्या शतकात पश्चिमेकडं जाणाऱ्या शिकाऱ्यांसाठी अशा बंदुका बनवल्या. समोर गवा आणि अस्वल, म्हणून नळी मोठी. माझीही ०.५४ इंचाची होती, म्हणजे साधारण १३.७ मिलीमीटर. बार चांगला, पण धक्का जोराचा. गेल्या वर्षी बायकोच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. आमच्या घरी बागेत पहाटे बसायचं काम तिचंच, कारण तिचा नेम माझ्यापेक्षा चांगला आणि धीर तर दुप्पट. खांदा बरा झाल्यावर ती म्हणाली, "मी बसेन, पण ही तोफ नको." अख्खी नवीन बंदूक घेण्यापेक्षा त्याच दस्त्यावर बारीक नळी बसवायची ठरली, ०.४५ इंचाची.

या बनावटीच्या बंदुकीत ते सोपं जातं. नळीच्या मागच्या टोकाला आकडा असतो, तो दस्त्यातल्या लोखंडी पट्टीत अडकतो. पुढं दस्त्यातून एक लोखंडी पाचर आरपार जाते. पाचर ठोकून काढली की नळी वर उचलून हातात येते. बैलगाडीचं जू काढावं इतकं सोपं. मूळ नळीच्याच मापाची, बाहेरून पंधरा सोळांश इंच जाड, अठ्ठावीस इंच लांब अशी अठपैलू नळी मागवली.

ती आली तेव्हा पहिली गंमत झाली. बायकोनं दोन्ही नळ्या दोन हातांत धरल्या आणि म्हणाली, "बारीक म्हणताय, पण ही तर जड आहे!" बरोबरच आहे. बाहेरचं माप तेच, आतलं भोक लहान, म्हणजे लोखंड जास्त शिल्लक. हिशोब केला तर सुमारे पाव किलो फरक पडतो. हे वजन पुढच्या बाजूला येतं. नेम धरताना नळी हलत नाही हा फायदा, पण बराच वेळ धरून बसलं की हात भरून येतो. मात्र धक्का कमी व्हायला हे वजनही मदत करतं.

बसवताना काय काय तपासलं ते क्रमानं सांगतो.

पहिलं म्हणजे आकडा. तो जुन्या पट्टीत घट्ट बसला पाहिजे, फट नको. नळीच्या आकड्याला दिव्याची काजळी लावली, बसवली, काढली. जिथं काजळी पट्टीला लागली तिथं लोखंडाला लोखंड भिडतंय. ते पूर्ण तोंडावर भिडेपर्यंत बारीक कानस मारली. हे काम एका अनुभवी बंदूक मेस्त्रीकडे बसून केलं. घाई केली तर आकडा सैल होतो आणि मग प्रत्येक बाराला नळी हलते.

दुसरं पाचर. नळीखालच्या कडीचं भोक आणि दस्त्यातली खाच एका रेषेत आली पाहिजे. हातोड्यानं जोर लावून बसवायची वेळ आली तर कुठंतरी चुकतंय असं समजावं.

तिसरं आणि चकमकीच्या बंदुकीत सर्वात महत्त्वाचं म्हणजे कान. नळीचा कान रंजकाच्या वाटीसमोर मधोमध यायला हवा, आणि उंचीला वाटीच्या काठाच्या आसपास. कान खाली गेला की रंजक त्यात भरून बसतं आणि वातीसारखं जळत आत जातं. घोडा पडल्यावर 'फुस्स' आणि मग 'धाड', मध्ये जी उसंत पडते त्यात नेम हलतो.

चौथा गज. जुन्या गजाचं टोक चोपन्नच्या मापाचं, ते नवीन नळीत जातच नाही. नवीन गज, त्याला पंचेचाळीसचं टोक, साफसफाईचं टोकही वेगळं.

पाचवी माशी, म्हणजे नेमाची पुढची खूण. नवीन नळीचा मार कुठं लागतो हे कागदावर पाहिल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. गोळी खाली लागत असेल तर माशी किंचित घासून कमी करायची, मार वर येतो. घासलेलं परत चिकटवता येत नाही, म्हणून एका वेळी दोन कानशी, मग पाच बार, मग परत.

आता गोळी. इथंच बहुतेक लोक फसतात, कारण डोळ्याला वाटतं की चोपन्न आणि पंचेचाळीस, फरक तो काय! चोपन्नच्या नळीत मी ०.५३० इंचाची गोल शिशाची गोळी वापरायचो. तिचं वजन साडेचौदा ग्रॅम. पंचेचाळीसच्या नळीत ०.४४० ची गोळी, वजन सव्वाआठ ग्रॅमच्या जरा वर. व्यास सतरा टक्के कमी झाला आणि वजन त्रेचाळीस टक्के. गोल वस्तूचं वजन व्यासाच्या घनात बदलतं, हे शाळेत शिकलो होतो, हातात आलं ते इथं. एक किलो शिशात आधी एकोणसत्तर गोळ्या व्हायच्या, आता एकशे वीस होतात. शिसं वाचलं हे खरं, पण हरणावर जाणारा मालही तेवढाच कमी झाला. हे विसरून चालत नाही.

गोळी नळीच्या मापाची का घेत नाही? कारण मध्ये चिंधी असते. आतून आटे असलेल्या नळीत गोल गोळी उघडी टाकायची नसते. तेलमेण लावलेल्या सुती कापडात गुंडाळून ठासायची असते. ते कापड आट्यांत रुततं, गोळीला पकडून फिरवतं आणि मागचा वायू अडवतं. माप बघा. नळी ११.४३ मिलीमीटर. आटे दोन्ही बाजूंनी पाव पाव मिलीमीटर खोल, म्हणजे आट्यांच्या तळापासून तळापर्यंत ११.९४. गोळी ११.१८, कापडाची जाडी ०.३८, दोन्ही बाजूंचं मिळून ०.७६. बेरीज ११.९४. बरोब्बर बसतं.

तरी मी दोन जोड्या करून पाहिल्या. ०.४४५ ची जाड गोळी आणि पातळ कापड, आणि ०.४४० ची गोळी आणि जाड कापड. पहिली जोडी सुरुवातीला बरी, पण तीन बारांनंतर काजळी साठली की ठासायला इतका जोर लागायचा की गोळीचं डोकं चपटं व्हायचं. थंडीत, हातमोजे घालून, त्या खांद्यानं ते जमणारं नव्हतं. दुसरी जोडी हातानं सहज खाली जाते, आणि पन्नास पावलांवर पाच गोळ्या तळहाताएवढ्या जागेत. तीच ठरली.

आणि एक गोष्ट करा म्हणजे कराच. बार काढल्यावर पुढं दहापंधरा पावलांवर पडलेल्या चिंध्या गोळा करून बघा. माती परीक्षणाचा अहवाल वाचतो तशी चिंधी वाचता येते. कडेला झालर आणि मध्ये काळा गोल डाग असेल तर सगळं ठीक. मध्ये जळून भोक पडलं असेल तर कापड पातळ आहे किंवा मेण कमी. रेषेत कापल्यासारखी फाटली असेल तर नवीन नळीच्या आट्यांच्या कडा धारदार आहेत. माझ्या पहिल्या वीस चिंध्या कापलेल्या निघाल्या. नळी वापरात मुरत गेली तशा त्या साबूत यायला लागल्या.

बऱ्याच जणांना प्रश्न पडेल की गोळी हलकी झाली तर गोलऐवजी लांबट घ्यावी, वजन भरून निघेल. विचार बरोबर आहे, पण आट्यांचा पीळ बघावा लागतो. माझी नळी गोल गोळीसाठी आहे, छप्पन्न इंचात एक फेरा. अठ्ठावीस इंचाच्या नळीतून गोळी जाताना अर्धाच फेरा घेते. गोल गोळीला तेवढं पुरतं. लांब गोळी भोवऱ्यासारखी असते, उंच भोवरा उभा राहायला जास्त वेग लागतो. वुलिचचे गणिताचे प्राध्यापक ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये यासाठी ढोबळ सूत्र दिलं, ते आजही वापरतात : व्यासाचा वर्ग गुणिले दीडशे, भागिले गोळीची लांबी. पंचेचाळीसच्या नळीत व्यासाच्या दुप्पट लांबीची गोळी घातली तर चौतीस इंचात एक फेरा हवा. माझ्या छप्पन्नच्या पिळात ती गोळी हवेत डुलायला लागेल आणि कागदावर आडवी उमटेल.

याची सर्वात मोठी परीक्षा ब्रिटिशांनी घेतली होती. १८५३ च्या एनफिल्ड बंदुकीची नळी ०.५७७ इंच, पीळ अठ्ठ्याहत्तर इंचात एक फेरा. हीच ती काडतुसांच्या चरबीवरून १८५७ मध्ये गाजलेली बंदूक. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये तिच्यासमोर जोसेफ व्हिटवर्थ यांची बंदूक ठेवली. नळी बारीक, ०.४५१ इंच, षटकोनी भोक, आणि पीळ वीस इंचात एक फेरा. गोळीचं वजन जवळपास सारखंच, पण लांब आणि बारीक. लांब पल्ल्यावर व्हिटवर्थनं एनफिल्डला कुठल्या कुठं मागे टाकलं. तरी सैन्यानं ती घेतली नाही, कारण महाग आणि आत काजळी लवकर धरायची. हे व्हिटवर्थ म्हणजे तेच, ज्यांच्या आट्यांना आपल्याकडचे जुने मेस्त्री 'बीएसडब्ल्यू' म्हणतात. त्या माणसानं नळी बारीक केली तेव्हा गोळी, पीळ, भोकाचा आकार सगळं एकत्र बदललं. नुसती नळी बदलली असती तर हसं झालं असतं.

आणि हे काही नवं नाही. आमच्या याच भागात अठराव्या शतकात जर्मनीहून आलेले कारागीर आखूड, मोठ्या भोकाच्या बंदुका बनवत होते. इथल्या जंगलात महिनोन् महिने फिरणाऱ्या माणसाला शिसं आणि दारू पाठीवर वाहावी लागायची. मग त्याच कारागिरांनी नळी लांब केली आणि भोक बारीक. तीच पुढं पेनसिल्व्हेनियाची लांब बंदूक म्हणून नावाजली. पुढे गवा समोर आला तेव्हा हॉकेननी भोक परत मोठं केलं. म्हणजे काम बघून नळी.

दारूबद्दल मी आकडे देणार नाही, मुद्दाम. प्रत्येक नळीबरोबर बनवणाऱ्याचा तक्ता येतो, तोच पाळायचा. चोपन्नचं माप पंचेचाळीसमध्ये ओतायचं नाही. आणि ठासणीच्या बंदुकीत काळ्या दारूशिवाय, म्हणजे आजच्या काडतुसातली बिनधुराची दारू, चिमूटभरही घालायची नाही. नळी फुटते, बोटं जातात.

घरात दोन मापाच्या नळ्या असल्या की घोळ होऊ शकतो. मोठी गोळी बारीक नळीत जाणारच नाही, पण लहान गोळी मोठ्या नळीत सुरकन जाते आणि पुढं सरकून दारूपासून सुटीही होते. गोळी आणि दारूत पोकळी राहिली तर नळी फुगते किंवा फुटते. म्हणून पंचेचाळीसच्या सगळ्या सामानाला, गोळ्यांची पिशवी, दारूचं माप, गज, चिंध्या, सगळ्याला लाल दोरा बांधला. चोपन्नचं सामान वेगळ्या पेटीत, कुलपात. गजावर दोन खुणा केल्या. एक रिकाम्या नळीची, एक भरलेल्या नळीची. गज खुणेपर्यंत गेला नाही तर गोळी दारूवर बसलेली नाही, बार काढायचा नाही.

इथवर सगळं लोखंडाचं झालं. आता जे सर्वात शेवटी बदललं आणि सर्वात जड गेलं ते सांगतो. ते म्हणजे अंतर.

०.४५ ही नळी नियमाच्या ०.४४ च्या नुसती वर आहे. कायद्यानं चालते, पण हरीण कायदा वाचत नाही. त्याला लागतो तो गोळीचा मार. गोल गोळी हवेत वेग फार लवकर टाकते, आणि आपली गोळी जवळजवळ निम्मी हलकी झालेली. दोन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी चुकलेल्या बाराचं एक हरीण आमच्या बागेच्या कडेला येऊन मेलं होतं. पोटात जखम, किमान दोन दिवस फिरलेलं. बायको त्या दिवशी जेवली नाही. नळी बदलायचं ठरलं तेव्हा तिनं एकच अट घातली, "तडफडत ठेवायचं असेल तर मला बंदूकच नको."

म्हणून चोपन्नच्या नळीनं आम्ही जिथं ऐंशी पावलांपर्यंत बार काढायचो, तिथं आता चाळीस. एक पाऊल जास्त नाही. बागेत दोन ओळींमागे एका खांबाला पांढरी पट्टी बांधली. त्या पट्टीच्या अलीकडं आणि कुशीवर उभं असेल तरच. या हंगामात तिच्यासमोर चार वेळा हरीण आलं. तीन पट्टीच्या पलीकडे होती. तिघांनाही तिनं जाऊ दिलं, त्यातल्या एकानं तर तिच्या डोळ्यांदेखत 'गाला'चे शेंडे खाल्ले. चौथं तीस पावलांवर आलं. एक बार, आणि वीस पावलांत ते पडलं. खांदा दुखला नाही. गेलेले शेंडे वसंतात परत फुटतील, न फुटले तर कलम करू.

आता गावाकडच्या मंडळींना हात जोडून सांगतो. हे वाचून कुणी आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीची नळी बदलायला लोहाराकडे जाऊ नका. इथं अशा जुन्या पद्धतीच्या ठासणीच्या बंदुकीला केंद्राचा कायदा वेगळा मोजतो, म्हणून मला नळी मागवता आली. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र अधिनियम आहे. त्याच्या तेराव्या कलमात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे, पण दुरुस्ती किंवा फेरफार करायला कारागिराकडेही परवाना लागतो. शिवाय बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायचा परवाना नव्हे, त्याला १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, वन खात्याची परवानगी वेगळी. आणि आपल्याकडच्या बहुतेक नळ्या आतून गुळगुळीत आहेत, पीळ आणि आट्यांचा वरचा हिशोब त्यांना लागूच होत नाही.

आमचो आजो कौलाखाली बंदूक पुसत बसायचो आणि म्हणायचो, "आधी नळी बघ, मगे गोळी, मगे दारू." मी त्यात एक शब्द वाढवला आहे, मगे अंतर.

कृषी सहायक आणि कृषीच्या विद्यार्थ्यांसाठी शेवटची ओळ. फवारणीचं निळं ०३ नोझल काढून पिवळं ०२ लावलं की त्याच दाबाला पाणी एक तृतीयांश कमी पडतं. थेंब बारीक होतात, वाऱ्यावर जास्त उडतात. मग चालायचा वेग, टाकीतल्या औषधाचं प्रमाण, फवारणीची वेळ हे सगळं परत मोजावं लागतं. नुसतं नोझल बदलून फवारणी करणारे शेतकरी मी दोन्ही देशांत पाहिलेत. तोंड बारीक केलं की मागचं आणि पुढचं सगळं मोजून घ्यायचं, मग ते नोझल असो, पेरणी यंत्राची चकती असो, की बंदूक.

तुमच्याकडे अजून चालू स्थितीत ठासणीची आहे का? चिंधीला काय लावता, मेण, तेल की आणखी काही? लिहून कळवा. पुढच्या आठवड्यात कलमांची नोंद टाकतो. राम राम.